यवतेश्वरचा उतार आणि माझा उजवा गुडघा

समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. साताऱ्यात पळणाऱ्या कुणालाही या घाटाबद्दल विचारा, तो चढाबद्दलच बोलेल. कुठल्या वळणावर दम छाटतो, कुठे वारा समोरून बडवतो, कुठे चालायचा मोह होतो. पाच वर्षं मीही तेच बोलत आले. उताराचं नाव कुणी काढत नाही. चढून झालं की काम झालं, आता पाय सोडायचे आणि खाली यायचं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. माझा गुडघा उतारावर गेला. त्यामागोमाग कंबर गेली. आणि तो उतार पुन्हा पळत उतरायला मला जवळजवळ सव्वा वर्ष लागलं.

हे आता लिहायचं कारण म्हणजे गेल्या काही महिन्यांत आमच्या पळण्याच्या ग्रुपमधल्या तिघीजणींनी फोन करून एकच विचारलं, "तुझंही असंच दुखत होतं ना गं, मग तू केलंस काय?" प्रत्येकीशी तासभर बोलले. तेच एकदा नीट लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. पळायला लागले ४१ व्या वर्षी, आणि हे सगळं झालं तेव्हा ४६ वर्षांची होते.

२०२३ चा जुलै. सप्टेंबरातल्या हिल हाफ मॅरेथॉनला दोन महिने उरले होते. शहरातून निघायचं, घाट चढायचा, वर वळायचं आणि आल्या वाटेने खाली यायचं, २१ किलोमीटर. एरवी माझं आठवड्याचं पळणं २८ किलोमीटरच्या आसपास असायचं, चार दिवसांचं मिळून. त्या जुलैत मी ते तीन आठवड्यांत ४५ च्या वर नेलं आणि घाट आठवड्यातून एकदा होता तो दोनदा धरला. मला कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात कड्यांवरून पाण्याच्या धारा थेट रस्त्यावर उतरतात, सगळा घाट हिरवागार होतो, घरात पाय ठरत नाही. शिवाय आदल्या वर्षीचं २ तास २८ मिनिटांचं टाइमिंग मोडायचं मनाने घेतलं होतं.

तिसऱ्या रविवारी उतरताना धुकं इतकं होतं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. उजव्या वाटीच्या खालच्या कडेला आधी नुसती जाणीव झाली, इथे काहीतरी आहे अशी. अर्ध्या किलोमीटरने ती टोचायला लागली. पुढच्या वळणावर पाय टेकला आणि सुरी फिरवल्यासारखी कळ गेली. मी कठड्यावर बसले. लेगिंग वर सरकवून पाहिलं. सूज नाही, लाली नाही, गुडघा दिसायला अगदी डाव्यासारखा. हात लावला तर वाटी पावसाने गार पडलेली. उठून चालले, चालता येत होतं. पळायला गेले की कळ.

तेवढ्यात वरून एक दूधवाला आला, गाडीला दोन्हीकडे किटल्या. "काय झालं ताई? बसा." त्या किटल्यांच्या मध्ये बसायला जागा नव्हती, तरी त्याने करून दिली. समर्थ मंदिरापर्यंत त्याच्या मागे बसून आले. गुडघा दुमडून बसल्यावर तो चालण्यापेक्षा जास्त ठणकतोय, हे मला त्या गाडीवर जाणवलं होतं. त्याचा अर्थ लागायला पुढे दोन महिने गेले.

सोमवारी डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढला. तो दिव्यापुढे धरून ते म्हणाले, "वंगण कमी झालंय. आता पळणं बंद करा. या वयात बायकांनी चालावं, तेवढं पुरे." माझी मांडी त्यांनी हात लावून पाहिली नाही, मला पायरीवरून उतरवून पाहिलं नाही, आठवड्याला किती पळता असंही विचारलं नाही. घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. बाईने चाळिशीनंतर बुटाच्या नाड्या बांधून पहाटे घराबाहेर पडायचं म्हणजे आधीच घरादाराला, शेजारपाजारला समजावत राहावं लागतं. त्यात दुखलं की सगळ्यांना एकदम खात्री पटते की आपणच बरोबर होतो.

मी ऐकलं. पाच आठवडे एक पाऊल पळाले नाही. ज्यांचं आत्ता दुखतंय त्यांनी इथे जरा थांबून वाचावं, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाच आठवड्यांत गुडघा पूर्ण शांत झाला. जिना उतरताना सुद्धा काही नाही. मला वाटलं, झालं बरं. शाहू स्टेडियमवर जाऊन हळूहळू दोन किलोमीटर पळाले, आणि दुसऱ्या किलोमीटरला तीच कळ, त्याच जागी. विश्रांतीने कळ शमली होती, पण त्या पाच आठवड्यांत मांडीची होती ती ताकदही उतरली होती. पाय आधीपेक्षा अशक्त, आणि मी त्याच्याकडून काम मात्र पूर्वीचंच मागत होते.

कंबर गेली ती याच दिवसांत. पळताना नाही. काउंटरखालून नाण्यांची पिशवी उचलायला वाकले, थोडी तिरकी, आणि उसण भरली. ज्यांना भरली आहे त्यांना सांगायला नको. श्वास अर्ध्यात अडकतो, ना धड वर येता येत, ना खाली बसता येत. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमनी काखेत हात घालून मला सरळ केलं. घरी आल्यावर सासूबाईंनी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधला आणि शेक दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या एका पायाळू मुलीला बोलावून आणलं. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. नववीतली पोर, संकोचून उभी. तिने माझ्या कंबरेला हलकेच पाय लावला आणि लगेच वाकून मला नमस्कार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अशी अचानक भरलेली उसण बहुतेकांची थोड्या दिवसांत-आठवड्यांत आपली आपण ओसरते. पण त्या दोन दिवसांत "तुझं दुखतंय, आम्हाला दिसतंय" असं मला घरात कुणीतरी म्हणत होतं, हे औषधाइतकंच लागत होतं.

माझी उसण मात्र पूर्ण ओसरली नाही. उजव्या कुल्ल्यात खोलवर दुखणं उरलं. एमआरआय झाला. रिपोर्टात एल ४-एल ५ या मणक्यांमधल्या गादीला फुगवटा असल्याचं लिहिलं होतं. त्या एका ओळीने मला गुडघ्याच्या कळेपेक्षा जास्त घाबरवलं. "गादी सरकली" हे शब्द नात्यात फिरायला लागले. चुलत सासऱ्यांचा पट्टा घरी आला. बहिणीने फोनवर बजावलं, वाकू नकोस, उचलू नकोस, खाली बसू नकोस. मी खरंच वाकायची बंद झाले. भाकरी ओट्यावर थापायची ती सुद्धा पाठ ताठ ठेवून. पंधरा दिवसांत पाठ लाकडासारखी झाली.

पुढे जे वाचलं ते आधी वाचलं असतं तर ते पंधरा दिवस वाचले असते. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या स्कॅनचे निष्कर्ष एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गादीला फुगवटा होता. चाळिशीत ५० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. दुखत नसलेल्या माणसांत. म्हणजे माझ्या वयाच्या दहा बायका धडधाकट बाजारात फिरत असतील तर त्यातल्या पाचेकींच्या रिपोर्टात माझ्यासारखीच ओळ निघेल. गादी काही सतरंजीसारखी सरकत नाही, ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, कडेने फुगते एवढंच. माझं दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ नाही. पण त्या रिपोर्टातल्या ओळीने माझ्या पळण्याचा निकाल लागत नव्हता, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

ते सांगणारी भेटली सप्टेंबरात. शर्यतीच्या दिवशी मी घरीच होते. बाकीचा ग्रुप घाटात, आणि मी गॅलरीत उभी राहून बँडचा आवाज ऐकत होते. त्याच आठवड्यात मैत्रिणीने एका फिजिओ मॅडमचा नंबर दिला. माझ्या लेकापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल एवढीच. तिने फाईल घेतली, वाचली आणि बाजूला ठेवली. "ताई, आधी या पायरीवरून खाली उतरून दाखवा. एकेका पायाने. आरशात बघत."

वीतभर उंचीची लाकडी पायरी. डावा पाय पुढे खाली न्यायचा, सगळं वजन उजव्यावर. मी उतरले आणि आरशात पाहिलं. उजवा गुडघा सरळ पुढे जायच्या ऐवजी आत, डाव्या पायाकडे झुकत होता आणि कंबर डावीकडे खाली पडत होती. एकदा नाही, दहाच्या दहा वेळा. मग तिने विचारलं खुर्चीवर किती तास बसता, गुडघे किती दुमडलेले असतात, मध्ये किती वेळा उठता. मग आठवड्याचे किलोमीटर विचारले. मी जुलैचे आकडे सांगितले तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "तुमच्या गुडघ्याने तक्रार केली त्यात त्याची चूक नाही."

तिने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीला धरून असतो आणि वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत वरखाली सरकते. चढताना तो स्नायू आखडत जाऊन आपल्याला वर ढकलतो. उतरताना त्याला उलटं काम असतं, लांबत जायचं आणि लांबता लांबता ब्रेक धरायचा. प्रत्येक पावलाला. या ब्रेकचा दाब वाटीमागे येतो. मी उतारावर लांब ढांगा टाकत होते, पाय शरीराच्या बराच पुढे आणि टाच आधी, म्हणजे प्रत्येक पाऊल करकचून ब्रेक. त्यात खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर, म्हणून मांडी आत वळायची आणि वाटीवरचा दाब एका कडेला जास्त. तेच स्नायू थकले की कंबर सावरायचं काम पाठीवर येतं, असं तिचं म्हणणं. गुडघा दुमडून बराच वेळ बसल्यावर वाटीमागे दुखणं ही याच दुखण्याची ओळख. दूधवाल्याच्या गाडीवरचं ते ठणकणं मला तेव्हा आठवलं. कॅश काउंटरवरून उठताना रोज गुडघा आखडायचा, तेही आठवलं. हे दुखणं जुलैच्या कितीतरी आधीपासून हळू आवाजात बोलत होतं.

व्यायाम साधे होते. तेच अवघड होतं, कारण साध्या गोष्टीवर विश्वास बसत नाही. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, उताणं झोपून एका पायावर कंबर वर उचलायची. पाठीसाठी तीन, कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सांगितलेले. उताणं पडून फक्त डोकं-खांदे किंचित उचलणं, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग तोलणं, आणि हात-गुडघे टेकून एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांबवणं. शेवटच्याला बर्ड-डॉग म्हणतात. सासूबाई त्याला रांगणं म्हणतात आणि आता माझ्याशेजारी सतरंजी टाकून त्याही करतात.

सगळ्यात महत्त्वाचं ठरलं ते पायरीवरून उतरणं. आमच्या मागच्या दाराला एक दगडी पायरी आहे, फिजिओच्या पायरीएवढीच उंच. दाराच्या कडीला कपाटातला जुना आरसा टांगला. उजव्या पायावर उभं राहायचं, आणि एक, दोन, तीन, चार मोजत डावी टाच खाली न्यायची. टाच जमिनीला टेकवायची नाही, नुसता स्पर्श. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. पहिल्या आठवड्यात आठ वेळा केलं की मांडी थरथरायची. गुडघ्यात थोडं दुखायचं, तेवढं चालेल असं तिने सांगितलं होतं. आठाचे बारा झाले. मग पाठीवरच्या सॅकमध्ये दोन किलो तांदूळ, मग पाच. फेब्रुवारीत ज्वारीची दहा किलोची पिशवी सॅकमध्ये घालून मी त्या पायरीवरून प्रत्येक पायाने दहा-दहा वेळा उतरत होते. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सहा आठवडे मला काहीही फरक वाटला नव्हता. सोडून द्यायचे विचार येत होते. सातव्या की आठव्या आठवड्यात एक दिवस काउंटरवरून उठले आणि चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, गुडघा आखडलाच नाही.

पाठीसाठी तिने अजून एक दिलं, चालणं. आणि पट्टा काढायला लावला. "वाका ताई, हळूहळू वाका, पाठ वाकण्यासाठीच आहे." रोज दहा मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत नेलं. पुढे २०२४ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना चालण्याचा शिस्तीत कार्यक्रम दिला त्यांचं दुखणं पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस लागले, ज्यांना दिला नाही त्यांचं ११२ दिवसांत उलटलं. मला हे वाचून बरं वाटलं, कारण तोवर माझी कंबर चालण्यानेच सुटली होती.

पतसंस्थेची जुनी डायरी मी दुखण्याची वही केली. शून्य ते दहा असे मार्क. व्यायामात किंवा पळताना तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवायचं. चार-पाच झालं तर कमी करायचं. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या गच्चीच्या जिन्याला १४ पायऱ्या आहेत. उठल्यावर चहाच्या आधी त्या उतरायच्या आणि आकडा लिहायचा. कालच्या सकाळइतकाच किंवा कमी असेल तर काल जे केलं ते पायाला झेपलं. जास्त असेल तर नाही झेपलं, मग दोन दिवस हलकं. या वहीने मला घाबरण्यातून सोडवलं. आधी प्रत्येक टोचणीला "संपलं सगळं" असं व्हायचं. वहीत बघायला लागले तेव्हा कळलं की दुखणं वर-खाली होतच असतं. पाळीच्या आधीच्या चार दिवसांत आकडा वर, झोप कमी झाली की वर, मार्चअखेरीच्या हिशेबांच्या आठवड्यात तर कंबरेला सलग चार, आणि त्या आठवड्यात मी पळालेही नव्हते.

पाळीचा विषय निघालाच आहे तर सांगते. त्या वर्षी माझं वेळापत्रक बिघडायला लागलं होतं. पाळी जायच्या या काळात सांधे-स्नायू दुखणं वाढतं, ताकद लवकर उतरते, हे मला ४६ व्या वर्षी पहिल्यांदा कळलं, तेही मी विचारलं म्हणून. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व बरंच कमी. पळणाऱ्या बायकांनी आपापसांत हे बोललं पाहिजे. पेस आणि बूट यावर आपण तासन्‌तास बोलतो.

बूट म्हणजे, पुण्याला जाऊन जाड सोलचे महागडे बूट मीही आणले होते. पायाला छान वाटतात, गुडघ्याच्या दुखण्याला त्यांनी काही केलं नाही.

पळण्याकडे परत आले नोव्हेंबरात. स्टेडियमवर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. त्याआधी पावलं मोजली. उजवा पाय मिनिटाला ७८ वेळा पडत होता, म्हणजे दोन्ही मिळून १५६. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात २०११ साली दाखवलं आहे की वेग तोच ठेवून पावलं पाच-दहा टक्के वाढवली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. पाच टक्के वाढवून १६४. फोनवर टिकटिक लावली आणि त्या तालावर पळायला लागले. पहिले पंधरा दिवस कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटायचं, पोटऱ्या भरून यायच्या. पाऊल आखूड झालं आणि शरीराच्या खाली पडायला लागलं. कानाला सुद्धा कळायचं. आधी माझ्या पावलांचा थपथप आवाज यायचा, तो मऊ झाला.

घाट सगळ्यात शेवटी. जानेवारीत नुसता चढ. पहाटे आमचे हे स्कूटर घेऊन वर जायचे, थर्मासमध्ये चहा. मी चढून गेले की दोघं चहा प्यायचो आणि स्कूटरवर खाली. दोन महिने, दर रविवारी. त्यांनी एकदाही "कशाला हा खटाटोप" म्हटलं नाही. गाडीवर मागे बसून तो उतार मी नीट पाहिला. कुठे तीव्र आहे, कुठे सपाटीचा तुकडा आहे, कुठे रस्त्याची कड उखडली आहे. मार्चच्या मध्यावर पहिल्यांदा पळत उतरले, फक्त ५०० मीटर, सगळ्यात सौम्य तुकडा. लहान पावलं, गुडघे किंचित वाकलेले, मागे न रेलता अंग रस्त्याच्या कलाबरोबर. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं वाढवलं. जुलै आला तेव्हा पूर्ण उतार तीन तुकड्यांत होत होता, मध्ये दोन-दोन मिनिटं चालून. आठवड्यातून एकच घाट, यावर मी ठाम राहिले. ग्रुपमधून मंगळवारच्या घाटाचे मेसेज यायचे, वाचून फोन उलटा ठेवायचे.

एक गोष्ट मनाला फार लागते म्हणून लिहिते. शर्यतीच्या सकाळी रांगेत उभं राहून लोक वेदनाशामक गोळी घेतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, एकाने पाकीट काढलं की चार हात पुढे येतात. मीही २०२२ ला घेतली होती. तासन्‌तास पळताना अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, आणि या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा अजून कमी करतात. ८० किलोमीटरच्या शर्यतीत पळणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली आला. आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा झाल्याचं दिसलं, नुसती दिसायला गोळी पण औषध नसलेली घेणाऱ्यांत ३४ टक्के. आपलं अंतर कमी असतं हे खरं, तरी कळ दाबून उतारावर पळायचं म्हणजे गुडघा जे सांगतोय ते न ऐकता अजून हजारो पावलं टाकायची. कृपा करून पळायच्या आधी गोळी घेऊ नका. ज्यांना डॉक्टरांनी दिली आहे त्यांनी पळण्याबद्दल त्यांनाच विचारा.

आणि काही दुखणी वहीत मार्क लिहीत बसायची नसतात. गुडघा सुजला, मध्येच अडकून बसला, चालता चालता दगा देऊन वाकला, तर थेट दाखवायला जायचं. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, पाऊल उचलेना, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. ताप किंवा विनाकारण उतरणारं वजन पाठदुखीसोबत असेल तरी थांबायचं नाही.

"पळून गुडघे झिजतात" हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही, शांतपणे उत्तर देते. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. हौसेने पळणाऱ्यांमध्ये खुब्याच्या-गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. फार वरच्या पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत मात्र ते १३.३ होतं, तेही सांगते. माझ्यासारखी आठवड्याला तीसेक किलोमीटर पळणारी बाई पहिल्या गटातली. माझ्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, अडथळ्यांवरून उड्या मारत, दहावी आली. त्या रात्री आमच्या घरात सासूबाईंसह सगळे टीव्हीपुढे उभे होते. माझं पळायला लागणं खरं तर तिथून डोक्यात आलं, पायात उतरायला दोन वर्षं गेली.

२०२४ च्या सप्टेंबरात मी हिल हाफ मॅरेथॉन पळाले. फोन खिशात ठेवला, टिकटिक डोक्यातच होती. वरून वळले तेव्हा पायात जीव होता आणि पुढचे बरेच जण मला मागे टाकून सुसाट खाली गेले. मी माझ्या आखूड पावलांनी. त्या कठड्याजवळ आले तेव्हा गुडघ्यात टोचलं. खोटं कशाला सांगू, छातीत धस्स झालं. थांबले, दोन मिनिटं चालले, आकडा विचारला स्वतःला. दोन. परत पळायला लागले. खाली शहरात शिरल्यावर रस्त्याच्या कडेला हे आणि सासूबाई उभे होते, सासूबाईंच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा. तिथेच एक तोंडात घातला आणि पुढे गेले. २ तास ४१ मिनिटं.

सोमवारी सकाळी चहाच्या आधी गच्चीचा जिना उतरले आणि वही काढली. उजवा गुडघा २, डावा १, कंबर १. मांड्या दोन्ही भरलेल्या. खाली लिहिलं: मंगळवारी सुट्टी, बुधवारी पायरी, पण सॅकमध्ये पाचच किलो.